वाचकांचे प्रश्न : पाड्यावरची बातमी

पाड्यांवरून बातमी लिहिणाऱ्यांनी अडचणी कळवाव्यात, असं गेल्या अंकात म्हटलं होतं. पत्रं आली ती बहुतेक मुंबईतूनच. पालघर, शहापूर, कर्जतकडून इथं नोकरीला आलेली आणि सुट्टीला गावी जाणारी मंडळी त्यात बरीच आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

आमच्या विक्रमगड तालुक्यातल्या पाड्यावर अठ्ठावीस घरांचे वनहक्क दावे फेटाळले. एका वार्ताहराने चार ओळी दिल्या, 'दावे फेटाळले, आदिवासी संतप्त'. पुढे काही झाले नाही. मी अंधेरीला कामाला आहे, महिन्यातून दोनदा गावी जातो. हीच बातमी नीट लिहायची तर सुरुवात कुठून करू? (एक वाचक, अंधेरी)

आधी 'संतप्त' खोडा. संताप खराच असणार, पण त्यावर प्रांत म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांच्या कार्यालयाला काही उत्तर द्यावं लागत नाही. दावा कुठल्या पायरीवर, कोणत्या तारखेला, काय कारण लिहून अडला हे छापलं की द्यावं लागतं.

जंगलातली जमीन कसणाऱ्यांना तिच्यावर हक्क मागता येतो तो २००६च्या वनहक्क कायद्याने, आणि त्यात दाव्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. गावची वनहक्क समिती दावा घेते आणि जागेवर जाऊन पडताळणी करते. या समितीत १० ते १५ जण असतात, त्यात किमान दोन तृतीयांश आदिवासी आणि किमान एक तृतीयांश बाया. मग ग्रामसभेचा ठराव होतो. तिथून दावा प्रांतांच्या अध्यक्षतेखालच्या उपविभागीय समितीकडे आणि शेवटी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा समितीकडे जातो. महाराष्ट्राच्या अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे आदिवासीबहुल म्हणून घोषित भागात, २०२० पासून जिल्हा समितीच्या निर्णयावर विभागीय समितीकडे अपील करता येतं. 'दावा फेटाळला' म्हणजे यातल्या कोणी फेटाळला? चार ओळींच्या बातमीत नेमकं हेच नव्हतं.

एक शाळेची वही घ्या, घरटी एक पान. प्रत्येक पानावर लिहायचं ते असं : दाव्याची पोच आहे का, तिचा क्रमांक आणि तारीख, जागेच्या पडताळणीचा पंचनामा झाला का, त्या दिवशी वनखात्याचं कोणी आलं होतं का, ग्रामसभेच्या ठरावाची तारीख, फेटाळल्याचं पत्र, आणि ते पत्र हातात पडल्याचा दिवस. या शेवटच्या तारखेकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं, आणि खरी मेख तिथेच असते. उपविभागीय किंवा जिल्हा समितीकडच्या अपिलाचे ६० दिवस निर्णय दावेदाराला कळवल्यापासून मोजतात, समितीला पटलं तर आणखी ३० दिवस मिळतात. निर्णय दावेदाराला व्यक्तिशः कळवायचा असा नियम आहे. प्रत्यक्षात यादी कुठेतरी भिंतीवर डकवलेली असते किंवा ग्रामसेवकाच्या कपाटात पडून असते. अठ्ठावीसपैकी किती जणांच्या हातात पत्र आहे ते मोजा. पाचच निघाले, तर तुमच्या बातमीचं पहिलं वाक्य तयार आहे.

पत्र मिळालंच, तर त्यातलं कारण शब्दशः उतरवून घ्या. 'पुरावा अपुरा' हे सगळ्यात जास्त दिसणारं कारण. नियमात दोन पुरावे पुरेसे आहेत, आणि ते सातबाऱ्यासारखेच हवेत असं नाही. गावातल्या वयस्कर माणसाचा लेखी जबाब चालतो. घर, बांध, विहीर, जुनी स्मशानभूमी अशा खुणा चालतात. वनखात्याने अतिक्रमण म्हणून फाडलेली दंडाची पावतीसुद्धा चालते. ही पावती बरेच जण लाजेपोटी किंवा भीतीपोटी दाखवत नाहीत. 'फॉरेस्टवाल्यांनी कधी दंड केला होता का?' असं सरळ विचारा. पत्र्याच्या पेटीतून, प्लास्टिकच्या पिशवीतून कागद निघतात. उपग्रहाच्या छायाचित्रात शेत दिसत नाही म्हणून दावा नाकारला असेल, तर २०१२ची नियमदुरुस्ती सोबत लिहा. असं छायाचित्र इतर पुराव्यांना जोड म्हणून वापरायचं, त्यांच्या जागी नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. उतारावरचा नाचणी-वरईचा तुकडा झाडांच्या सावलीत असला की वरून तो जंगलच दिसतो. ग्रामसभेने मंजूर केलेला दावा वरच्या समितीला पटला नाही, तर तिनेही कारणं लेखी देऊन तो ग्रामसभेकडे फेरविचारासाठी पाठवायचा असतो. परस्पर कापायचा नसतो.

आता ताब्याची तारीख. १३ डिसेंबर २००५ पूर्वी जमीन कसत होता हे आदिवासी दावेदाराला दाखवावं लागतं. 'कधीपासून कसता?' असं विचारलं की 'बापजाद्यांपासून' हे उत्तर येतं. ते खरं असतं, पण कागदावर टिकत नाही. तारखेला घटना बांधा. २६ जुलै २००५चा पूर ठाणे-रायगडात कोणी विसरलेलं नाही, आणि तो कायद्याच्या तारखेच्या साडेचार महिनेच आधीचा. 'त्या पुराच्या पावसात तुमच्या प्लॉटवर काय पेरलं होतं?' असं विचारलं की माणूस पीक सांगतो, वाहून गेलेला बांध सांगतो, शेजारी कोण होता तेही सांगतो. मग त्या शेजाऱ्याला वेगळं गाठून हाच प्रश्न विचारा. म्हाताऱ्यांसाठी १९७२चा दुष्काळ आणि आणीबाणी या खुणा उपयोगी पडतात.

मोजमापात हमखास चूक होते. लोक एकर-गुंठ्यात बोलतात, पट्टा म्हणजे हक्काचा कागद हेक्टर-आरमध्ये येतो. ०.४०.०० म्हणजे ४० आर, जवळजवळ ४० गुंठे, म्हणजेच साधारण एक एकर. ते 'चाळीस एकर' किंवा 'पॉइंट चार एकर' असं छापून आलेलं आम्ही वाचलं आहे. दोन एकर कसणाऱ्याला ०.१०.००चा पट्टा मिळाला असेल, तर दावा 'मंजूर' या रकान्यात जातो आणि पाऊण हिश्शाहून जास्त जमीन कागदावरून गायब होते. म्हणून फेटाळलेल्यांबरोबर मंजूर झालेल्यांचंही एक पान ठेवा.

पडताळणी आणि मान्यतेची प्रक्रिया पुरी होईपर्यंत कोणाला जमिनीवरून काढता येत नाही, हे याच कायद्याच्या कलम ४(५) मध्ये आहे. प्लॉटवर चर खणले, रोपं लावली, असं कळलं तर त्याची तारीख आणि दाव्याची तेव्हाची स्थिती शेजारी-शेजारी लिहा. आणि १३ फेब्रुवारी २०१९चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश सांगून कोणी घाबरवत असेल, तर पुढचा अर्धा भागही छापा. दावे फेटाळलेल्यांना काढण्याच्या त्या आदेशाला त्याच न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१९ला स्थगिती दिली. फेटाळताना पद्धत पाळली का, हा प्रश्न तेव्हापासून मुख्य झाला. तुमची वही त्याचंच उत्तर देते.

आरेतल्या पाड्यांवर 'पेसा लागू करा' अशी मागणी ऐकली. कॉलेजच्या अंकासाठी बातमी करते आहे. ही मागणी कायद्यात बसते का? (विद्यार्थिनी, गोरेगाव पूर्व)

पेसा म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा १९९६चा कायदा. तो फक्त घोषित अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींना लागतो. मुंबई त्यात नाही, रायगड जिल्हाही नाही. कर्जत-सुधागडच्या कातकरी वाड्यांवरच्या बातमीतही 'पेसा' हा शब्द चुकून पडतो, तो याच गैरसमजातून. मागणी झाली असेल तर मागणी म्हणून छापा, हक्क म्हणून नको.

वनहक्क कायद्याचं तसं नाही. तो वनजमिनीला लागतो आणि महापालिकेची हद्द त्यातून वगळलेली नाही. आरेत खरा गुंता जमिनीचा आहे. ही वसाहत दुग्धविकास विभागाकडे होती. २०२०मध्ये त्यातली ८१२ एकर जमीन राखीव वन करायची घोषणा झाली. म्हणजे शेजारच्या दोन पाड्यांची कायद्यातली स्थिती वेगळी असू शकते. केल्टीपाडा, जीवाचा पाडा, खांबाचा पाडा अशी नावं एका दमात घेण्याआधी प्रत्येकाची जमीन नकाशावर कोणाच्या नावे आहे ते पाहा. दुसरी अडचण अशी की तिथं ग्रामपंचायतच नाही, मग ग्रामसभा कोणाची आणि कोण बोलावणार? हा प्रश्न अधिकाऱ्यांना लेखी विचारा. तोंडी उत्तर दर टेबलावर बदलतं.

एक गोष्ट मात्र तुमच्या बातमीत यायलाच हवी. इथल्या आदिवासी घराची नोंद झोपडीधारक म्हणून झाली की पुनर्वसनात ३०० चौरस फुटांची खोली एवढाच हिशोब उरतो. वाडीतली आंबा-फणस-ताडाची झाडं, भाजीचा वाफा, कोंबड्या-बकऱ्या या हिशोबात कुठेच येत नाहीत. एका घराची वाडी मोजा : झाडं किती, भाजी कुठल्या बाजारात जाते, आठवड्याला किती रुपये येतात. ४ ऑक्टोबर २०१९च्या रात्रीच्या वृक्षतोडीवर भरपूर लिहून झालं. त्या झाडांपलीकडे राहणाऱ्यांच्या वाडीचा हिशोब फारसा कोणी मांडलेला नाही.

आदिवासी लिहावं की वनवासी? (ठाणे)

आदिवासी. लोक स्वतःला तेच म्हणतात. कायद्याचा संदर्भ असेल तिथे 'अनुसूचित जमाती'. त्याहून बरं म्हणजे जमातीचं नाव घाला : वारली, कोकणा, कातकरी, मल्हार कोळी, ठाकर. यात केवळ सौजन्य नाही. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित जमाती आहेत, त्यांच्यासाठी योजना वेगळ्या आहेत. २०२३च्या नोव्हेंबरात सुरू झालेली पीएम-जनमन ही त्यांपैकीच एक. नुसतं 'आदिवासी कुटुंब' लिहिलं की ते कुटुंब कशाला पात्र होतं तेच कळत नाही. आणि 'भोळेभाबडे' हा शब्द आमच्याकडे पाठवू नका, आम्ही कापतो.

कल्याण-भिवंडी पट्ट्यातल्या वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर येतात. सगळे म्हणतात वेठबिगारी आहे, मालक म्हणतात उचल घेतली आहे, फेडतील. बातमीत 'वेठबिगारी' शब्द कधी वापरायचा? (कल्याण)

हिशोब मांडता आला की. तो असा मांडतात. हे आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, तुमच्या भट्टीवरचे तुम्ही काढा.

नवरा-बायको मिळून एक जोडी. उचल ४०,०००. आठवड्याची खर्ची १,०००, हंगाम २६ आठवड्यांचा, म्हणजे २६,०००. अंगावर एकूण ६६,०००. जोडीने एक लाख विटा पाडल्या, दर हजारी ६०० रुपये. अवकाळी पावसात १०,००० कच्च्या विटा भिजल्या, त्या मालकाने 'बाद' धरल्या. उरल्या ९०,०००, त्यांचे झाले ५४,०००. बारा हजार अंगावर उरले, ते पुढच्या हंगामावर. आता दिवस मोजा. काम खरोखर चाललं ते १३० दिवस, माणसं दोन, म्हणजे २६० हजेऱ्या. ५४,००० भागिले २६०, माणशी रोजचे सुमारे २०८ रुपये. हा आकडा त्या वर्षीच्या किमान वेतनाच्या अधिसूचनेतल्या दराशेजारी ठेवा. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवून घेणं ही घटनेच्या कलम २३ खालची सक्तीची मजुरी आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये, दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात म्हटलं आहे. भिजलेल्या विटांची मजुरी मजुराच्या अंगावर का टाकली, हाही प्रश्न मालकाला विचारायचा आणि त्याचं उत्तर छापायचं.

उचल दिली ती कोणी, मुकादमाने की शेटने? वही कोणाकडे असते? मजुराकडे नक्कल आहे का? बहुतेकदा नसते. पण विटांचे आकडे बाईच्या लक्षात असतात किंवा भिंतीवर कोळशाने ओढलेल्या रेघांत असतात. त्या रेघांचा फोटो घ्या. मग शब्दासाठी दोन गोष्टी पाहा : उचल फिटेपर्यंत दुसरीकडे जाता येतं का, आणि जायचा प्रयत्न केला तेव्हा काय झालं. १९७६च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यात कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी कर्ज देणाऱ्यावर आहे. हे माहीत नसल्यामुळे वार्ताहर मजुरालाच पुरावा मागत बसतात.

यात जी चूक महागात पडते ती क्रमाची. कुटुंब भट्टीवर असताना बातमी आली, तर रातोरात टेम्पोत घालून त्यांना दुसऱ्या तालुक्यात हलवतात, आणि अधिकारी पोचतात तेव्हा झोपडी रिकामी असते. आधी तहसीलदार किंवा प्रांतांकडे लेखी तक्रार गेली आहे का, ती कोणी केली, तपासणी कधी होणार, हे कळून घ्या. सुटका झाली की मुक्तता प्रमाणपत्र मिळालं का ते विचारा. पुनर्वसनाच्या पैशाची वाट त्याच कागदावरून जाते. प्रमाणपत्र नाही म्हणून सुटलेलं कुटुंब पुढच्या दिवाळीला त्याच मुकादमाकडे परत, हे चित्र नवं नाही. मुलं सोबत असतील तर गावच्या शाळेने शिक्षण हमी कार्ड दिलं होतं का, आणि भट्टीजवळच्या शाळेने ते पाहिलं का, हेही त्याच फेरीत विचारून घ्या.

मोखाड्यात बाळ दगावलं. 'कुपोषणाचा बळी' असं लिहिलं तर आरोग्य विभाग लगेच खंडन करतो. मग काय लिहावं? फोटो द्यावा का? (दहिसर)

खंडन होतं, कारण मृत्यूच्या कागदावर कुपोषण हे कारण सहसा नसतंच. न्यूमोनिया, जुलाब, जन्मतः कमी वजन असं काहीतरी असतं. दोन्ही खरं असू शकतं. अशक्त मुलाला साधा न्यूमोनियाही झेपत नाही. म्हणून तुम्ही दोन गोष्टी शेजारी लिहा : नोंदलेलं कारण, आणि त्याआधीच्या महिन्यांत अंगणवाडीच्या नोंदवहीत बाळ कुठल्या श्रेणीत होतं. जन्माचं वजन माता-बाल संरक्षण कार्डावर सापडतं, अडीच किलोच्या खाली असेल तर ते कमी वजनाचं बाळ. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी म्हणजे 'सॅम', तीव्र कुपोषित. ११.५ ते १२.५ म्हणजे 'मॅम', मध्यम कुपोषित. वयाच्या मानाने कमी वजन हे वेगळं मोजमाप आहे, त्यात गल्लत करू नका. खंडनाला पहिली फट तिथंच सापडते.

पुढचा धागा वेळेचा. सॅम कळलं कधी, पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवलं का, आई तिथं किती दिवस राहू शकली? घरी दुसरी मुलं आणि बुडणारी मजुरी असताना चौदा दिवस राहणं सोपं नाही. म्हणून 'पालकांनी केंद्र सोडले' एवढंच लिहून आईवर खापर फोडू नका. १०८ला फोन किती वाजता केला, पाड्यापासून गाडीपर्यंत डोली किती अंतर न्यावी लागली, दवाखान्यात कोण हजर होतं. फोनच्या नोंदीतली वेळ नातेवाइकांच्या मोबाइलमध्ये असते, ती पाहून लिहा.

मृत बाळाचा फोटो नको. जिवंत मुलाचाही, आईला नीट विचारल्याशिवाय नको. 'हा फोटो मुंबईत, तालुक्यात, सगळ्यांच्या मोबाइलवर दिसेल' हे तिच्या भाषेत सांगा आणि मग विचारा. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात मुलाचं नाव, पत्ता, शाळा, कुटुंब, परिसर यातलं काहीही छापण्याला पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या कलम २३ने मनाई आहे. वीस घरांच्या पाड्यावर तर 'एका तेरा वर्षांच्या मुलीवर' एवढ्यानेही ओळख पटते, तेव्हा पाड्याचं नावही गाळा. मोबाइलच्या फोटोत ठिकाणाची नोंद लपलेली असते. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की ती निघून जाते, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर तशीच राहते. फोटो काढण्याआधीच कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद केलेलं बरं.

माहिती अधिकाराचे माझे तीन अर्ज परत आले. काय चुकतं? (मुलुंड)

बहुधा लांबी, किंवा 'का' हा शब्द. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एका विषयाचा आणि साधारण १५० शब्दांचा हवा, सोबत १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट. 'दावे का प्रलंबित आहेत?' याला उत्तर येत नाही. 'अमुक गावच्या दाव्यांच्या नोंदवहीची प्रत, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत' असं मागा. आधी अस्तित्वात असलेला कागद मागायचा, नवा अहवाल तयार करून मागायचा नाही. नकलेला पानाला दोन रुपये पडतात, त्यामुळे मोठी फाइल असेल तर पाहणीच मागा आणि हवी ती पानं निवडा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचं तिकीट लावून. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी नाही. पण फी वाचवायला पाड्यावरच्या माणसाच्या नावाने अर्ज टाकू नका, त्रास त्याला होतो.

संपादक म्हणतात, 'हे दरवर्षीचंच आहे, शिळं झालं.' यावर काय बोलावं? (बोरिवली)

बोलू नका, तारीख बदला. पाड्याचं वर्ष ठरलेलं असतं. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला असते, त्या दिवशी तिथं हजर राहा आणि गणपूर्ती मोजा. वनहक्काच्या ठरावाला निम्मे सभासद हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. भट्टीचा हिशोब पाऊस लागायच्या आधी होतो. अंगणवाडीची वजनं पावसाळ्यात पाहा, तेव्हाच ती घसरतात. एप्रिल-मेमध्ये शहापूरच्या पाड्यांवर टँकरची वाट बघणाऱ्या हंड्यांची रांग असते, आणि भातसा-तानसाचं पाणी त्याच तालुक्यातून जलवाहिन्यांनी मुंबईकडे येत असतं. बोरिवलीच्या वाचकाला ती बातमी शिळी वाटणार नाही, त्याच्या नळाला तेच पाणी आहे.

आणि जुन्या बातमीकडे परत जा. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा मोर्चा सहा दिवस चालून १२ तारखेला आझाद मैदानावर पोचला. त्यात आदिवासी मोठ्या संख्येने होते आणि वनहक्क ही त्यांची मुख्य मागणी होती. सोललेल्या तळपायांचे फोटो सगळीकडे आले. त्या चालणाऱ्यांपैकी कोणी तुमच्या ओळखीच्या गावचं असेल, तर त्याला गाठा आणि त्याच्या दाव्याच्या पोचपावतीवर काय लिहिलंय ते वाचून घ्या.